शंभर नंबरी सीटेन

चूक माणसाकडूनच होते, हे मी गेली बावीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो. फक्त ती माझ्याकडून होईल आणि तीही रबरी शिक्क्यानिशी, जावक क्रमांक टाकून होईल, असं कधी वाटलं नव्हतं. बसा. चहा घ्या. सगळं सांगतो, काही लपवत नाही. लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही!

मी अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. इंगळे सर. आणि हा किस्सा आहे सीटेनचा. आता सीटेन म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो. घाबरू नका, वही काढायची नाही.

डिझेल चांगलं की वाईट हे कशावरून ठरतं? इंजिनात गेल्यावर ते किती पटकन पेट घेतं यावरून. पटकन पेटलं तर गाडी गुमान चालते, उशिरा पेटलं तर खडखड करते, धूर सोडते. मग हा पटकनपणा मोजायला काहीतरी माप नको? ते माप म्हणजे सीटेन. सोळा कार्बनची सरळ साखळी आणि तिला चिकटलेले हायड्रोजन, एवढाच त्याचा संसार. त्याला शंभर मार्क द्यायचे आणि बाकी सगळ्या डिझेलांना त्याच्या तुलनेत जोखायचं. पंपावरचं डिझेल पन्नासच्या थोडं वर गेलं की पास. म्हणजे सीटेन हा वर्गातला तो मुलगा, ज्याच्यावरून आया बाकीच्या पोरांना घरी बोलतात.

हे सगळं मी बावीस वर्षं फळ्यावर शिकवलं. सोळा कार्बन काढायचो, शेवटचे दोन फळ्याबाहेर भिंतीवर जायचे. खाली ठसक्यात लिहायचो, 'रंगहीन द्रव'. मुलं लिहून घ्यायची. पण खरं सांगू का? सीटेन मी डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. बाटली सोडा, थेंबसुद्धा नाही!

तर झालं असं. आमच्या एम. एस्सी.च्या वर्गात ऋतुजा तायडे नावाची मुलगी होती. चांदूर बाजारकडची. हुशार, कमी बोलणारी. तिनं सरकीच्या तेलापासून डिझेल बनवायचा प्रकल्प घेतला होता. आपल्या वऱ्हाडात सरकीला काय तोटा? डिझेल बनलंही. आता ते किती चांगलं आहे हे बघायला तुलना हवी होती. मी तिला सोपी युक्ती सुचवली. तापलेल्या लोखंडी वाटीत थेंब सोडायचा आणि तो किती वेळात पेटतो ते घड्याळ लावून बघायचं. आधी सीटेनचा थेंब, मग पंपावरच्या डिझेलचा, मग आपल्या सरकीचा. जानेवारीत विद्यापीठाची संशोधन स्पर्धा होती. पोरीला त्यात उतरायचं होतं.

"सर, शुद्ध सीटेन पायजे मंग," ऋतुजा म्हणाली.

"मागवू!" मी म्हणालो. बावीस वर्षांनी का होईना, दर्शन होणार होतं.

अकोल्याच्या जुन्या शहरात शकीलभाईंचं दुकान आहे. प्रयोगशाळेचं सामान, रसायनं, काचेच्या नळ्या. वडिलांच्या काळापासूनचं दुकान. अर्ध्या वऱ्हाडातल्या शाळा-कॉलेजांच्या परीक्षानळ्या तिथूनच येतात. त्यांच्याकडे ऑर्डर दिली आणि डिसेंबरात एका संध्याकाळी पार्सल आलं. आमचे प्रयोगशाळा परिचर गजाननभाऊ, कपाटाच्या किल्ल्या तीस वर्षांपासून त्यांच्याच कमरेला. त्यांनी बाटली कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ऋतुजा बाटली हातात घेऊन माझ्यापुढे उभी.

"सर, हे ओतलंच नाई जाऊन राहिलं."

मी बाटली घेतली. उलटी केली. आत काही हललं नाही. हलवली. तरी नाही. आत पांढरंशुभ्र, टणक, मेणासारखं काहीतरी बसलेलं. मेणासारखं कसलं, मेणच!

"फसवलं!" मी ओरडलो. "शकीलभाईंनी मेण पाठवलं आपल्याला!"

गजाननभाऊ स्टुलावर बसून ब्युरेट पुसत होते. ते मान वर न करता म्हणाले, "सर, थंडीनं गोठलं असन ते. आमच्या घरी खोबऱ्याच्या तेलाची बाटली सकाळी अशीच होते. चुलीपाशी ठेवली का झालं."

"गजाननभाऊ," मी म्हणालो, "ते खोबरेल. हे सीटेन. हे डिझेलातलं आहे. तुमच्या गाडीतलं डिझेल कधी गोठलंय का?"

"आपल्यापाशी सायकल हाय, सर."

आता या माणसाशी काय वाद घालणार?

तुम्ही विचाराल, लेबल वाचलं नाही का? वाचलं की! नाव वाचलं. 'शुद्धता नव्याण्णव टक्के' वाचलं. आणि ऋतुजाला म्हणालो, "बघ, खोटं किती सफाईनं छापतात हे लोक." त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी चार ओळी होत्या. पण एकदा चोर सापडला म्हटल्यावर पुढचं कोण वाचतो?

मी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत टाकली आणि सरळ अकोल्याची एसटी धरली. खिडकीची जागा मिळाली. छान कोवळं ऊन येत होतं, मूर्तिजापूरपर्यंत तर चांगलं तापलं. पिशवी मांडीवर, ऊन पिशवीवर आणि मी मनातल्या मनात भाषणाची तयारी करत होतो. पहिलं वाक्य ठरलं, दुसरं ठरलं. शेवटचं वाक्य तर असं जमलं होतं की शेजारच्या बाईंनी वळून बघितलं. बहुतेक मी ते मोठ्यानं म्हणालो होतो.

अकोल्याला उतरलो, ऑटो केला, मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. शकीलभाई काउंटरमागे. साठीचे, पांढरी दाढी, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला. मला बघून उठलेच.

"आओ आओ सर! कावून फोन नाई केला? चहा सांगतो."

"चहा राहू द्या," मी म्हणालो. "शकीलभाई, मेणबत्त्यांचा धंदा कधी सुरू केला?"

"काय म्हनता सर?"

मग मी सुरू झालो. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, विज्ञानाशी द्रोह, विद्यार्थ्यांचं भवितव्य, सगळं. दोन्ही गिऱ्हाइकं हातातलं सामान ठेवून ऐकू लागली. शेवटी मी झटक्यात पिशवीतून बाटली काढली, वर्तमानपत्र फाडलं आणि बाटली सगळ्यांसमोर उंच धरून म्हणालो, "हे बघा! हे तुमचं सीटेन!"

बाटलीत पाण्यासारखं स्वच्छ, नितळ तेल डचमळलं.

दोन्ही गिऱ्हाइकांनी आधी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

शकीलभाईंनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, तिरपी केली, सरळ केली. "सर," ते हळूच म्हणाले, "ये तो पानी के माफिक साफ है. मेन कुठं हाय?"

आता शहाण्या माणसानं या क्षणी काय करावं? चहा मागवावा, हसावं आणि घरी जावं. पण चार अनोळखी डोळे माझ्यावर लागले होते आणि माझं भाषण नुकतंच संपलं होतं.

"म्हणजे भेसळ आहे!" मी म्हणालो. "सकाळी मेण, दुपारी तेल! शुद्ध माल असं रूप बदलेल का?"

शकीलभाईंनी वाद घातला नाही. मागच्या फळीवरच्या खोक्यातून दुसरी बाटली काढली, तीही त्याच कंपनीची, सीलबंद. माझ्या हातात दिली. "हे पाहून घ्या सर. इथंच पाहून घ्या."

मी हलवली. आत डचमळलं.

"याला म्हणतात सीटेन!" मी त्या दोन गिऱ्हाइकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यातला एक तर म्हणाला, "मास्तरले समजते बाप्पा."

शकीलभाईंनी पहिली बाटली स्वतःजवळ ठेवून घेतली. मग चष्मा काढून दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "सर, अब्बांच्या टाइमपासून या दुकानातला माल कोनी वापस नाई आनला. तुमचा पयलाच." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. तेवढ्यात सांगितलेला चहा आला. मी तो न घेताच निघालो. विजयी माणूस चहासाठी थांबत नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. नवी बाटली. टणक, पांढरी, जागची हलेना.

आता मात्र मी पेटलो. म्हणजे याही बाटलीत तेच! ऋतुजा जवळ येऊन म्हणाली, "सर, मी नेटवर पाह्यलं, त्याच्यात असं लिहिलं हाय का..."

"नेटवर काहीही असतं," मी म्हणालो. "आधी पुस्तक वाचावं माणसानं."

पोरगी आपल्या टेबलाकडे परत गेली. तेव्हा तिला बोलू दिलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि तुमचा चहाही गार झाला नसता.

मी प्राचार्यांना तक्रार लिहिली. काय भाषा होती महाराजा! 'सदर पुरवठादाराने सीटेनच्या नावाखाली मेण पुरवून संस्थेची, विद्यार्थ्यांची व विज्ञानाची घोर फसवणूक केली असून त्यास काळ्या यादीत टाकण्यात यावे.' पुन्हा माहितीसाठी एकेक प्रत ओळखीच्या दोन कॉलेजांना. त्यांचीही फसवणूक व्हायला नको, हा उदात्त हेतू.

कागद गजाननभाऊंच्या हातात दिला. त्यांनी त्याची नीट घडी केली आणि म्हणाले, "सर, दोन दिवस राहू द्या. ऊन चांगलं पडू द्या."

"उन्हाचा आणि जावक क्रमांकाचा काय संबंध?"

"तसा काई नाई," म्हणाले आणि गेले.

आमच्या प्राचार्य मॅडम साताऱ्याकडच्या. विषय वनस्पतीशास्त्र. एका बाजूचं ऐकून निर्णय घ्यायचा नाही, ही त्यांची शिस्त. त्यांनी शकीलभाईंना बोलावणं धाडलं. चार दिवसांनी सकाळी नऊ वाजता मॅडमच्या खोलीत आम्ही जमलो. मॅडम खुर्चीत, मी टेबलाच्या एका बाजूला, ऋतुजा भिंतीशी. गजाननभाऊ दारात, बाटली आणून ठेवायला म्हणून आलेले आणि मग गेलेच नाहीत. टेबलावर पुरावा: गोठलेली बाटली.

शकीलभाई सकाळच्या पहिल्या गाडीनं आले होते. इस्त्रीचा कोट घातलेला. हातात पिशवी, पिशवीत पहिली बाटली आणि एक शाळकरी वही. चेहरा उतरलेला. आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, सरांच्या चिठ्ठीची नकल ज्या दोन कॉलेजात गेली, त्यातल्या एकानं परवा ऑर्डर थांबवली. फोनवर विचारत होते, शकीलभाई, हे काय करून राहिले तुमी या उमरीत? मले रात्री जेवन गेलं नाई."

हे ऐकून मला पहिल्यांदा कसंतरी झालं. पण तरी वाटलं, असा माल विकतो कशाला मग?

"मॅडम, मी दहावी पास," शकीलभाई पुढे म्हणाले. "केमिस्ट्री मले येत नाई. आमी बाटली आनतो आन् बाटली देतो, आत काय हाय ते झाकन उघडून कधी पाह्यलं नाई. पन सर एवढे शिकलेले, ते खोटं कावून बोलतीन? म्हनून सर जी बाटली ठेवून गेले ती मी काउंटरवर समोर ठेवली. चार दिवस. जवा जवा पाह्यलं तवा लिहून ठेवलं."

त्यांनी वही उघडली. ओळी आखून, तारखा टाकून लिहिलेलं होतं. सकाळी सात, घट्ट. नऊ, घट्ट. अकरा, कडेनं सुटलं. दुपारी एक, पातळ. पुन्हा दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी ढग होते, त्यापुढे लिहिलं होतं: 'बारा वाजता बी घट्ट. आज ऊन नाई.'

मी बावीस वर्षं मुलांना निरीक्षणवही कशी लिहावी ते शिकवतोय. इतकी चांगली वही मला कोणी दाखवली नव्हती.

"मॅडम, ग्लासभर गरम पानी मिळन का?" शकीलभाईंनी विचारलं.

गजाननभाऊ जणू वाटच बघत होते. मिनिटाभरात पाणी हजर. शकीलभाईंनी पुराव्याची बाटली त्या ग्लासात उभी केली. सगळे बघत बसलो. आधी काचेच्या कडेला एक चकचकीत रेष उमटली. मग पांढरा गोळा जागचा सुटला, हळूच गोल फिरला, लहान लहान होत गेला आणि दिसेनासा झाला. रंगहीन द्रव!

त्या गोळ्याबरोबर मीही वितळलो असतो तर किती सोय झाली असती! पण माझा वितळणबिंदू बराच वर आहे.

"आता याच्यावर काय लिहिलं हाय ते सर वाचतीन," शकीलभाई म्हणाले. "इंग्रजी हाय. अक्षर लय बारीक हाय."

मी बाटली उचलली. नाव वाचलं. शुद्धता वाचली. मॅडम म्हणाल्या, "पुढे वाचा."

पुढे वाचलं. "वितळणबिंदू... अठरा अंश सेल्सिअस."

"आणि आपल्या प्रयोगशाळेत सकाळी तापमान किती असतं?"

मी लेबल पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो. दारातून आवाज आला, "बारा, मॅडम. भिंतीवर थर्मामीटर हाय नं. सरांनीच लावायला सांगितला होता."

नव्याण्णव टक्के शुद्ध होतं म्हणूनच ते इतकं झकास गोठत होतं, हेही मग डोक्यात शिरलं. पंपावरच्या डिझेलात छप्पन्न प्रकार मिसळलेले असतात, ते बाराला कशाला गोठेल? शकीलभाईंचा माल शुद्ध होता हाच त्यांचा गुन्हा!

मी उठून उभा राहिलो. "शकीलभाई, चूक माझी आहे. पूर्ण माझी. माफ करा." एवढं बोलायला जेवढा वेळ लागला तेवढा मला एम. एस्सी. व्हायला लागला नव्हता.

"सर, माफी ठीक हाय," शकीलभाई म्हणाले, "पन त्या दोन कॉलेजले बी चिठ्ठी लिहा. आजच लिहा. मी घेऊनच जातो."

बरोबरच होतं. मॅडमनी कोरे कागद पुढे सरकवले. "इथंच लिहा. तक्रार मागे घेण्याचं कारणही लिहा."

मी लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव'.

मॅडमनी ते खोडलं. "स्पष्ट लिहा."

मी लिहिलं, 'हिवाळा असल्यामुळे'.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. वनस्पतीशास्त्राचे लोक झाडाच्या पानावर रोग शोधताना असंच बघतात. "इंगळे सर, हिवाळ्याची चूक होती का?"

शेवटी लिहिलं, 'अर्जदाराने बाटलीवरील लेबल पूर्ण वाचले नव्हते.' तीन प्रती, दोन त्या कॉलेजांना आणि एक शकीलभाईंना. तिन्हींवर सही. तिन्हींना जावक क्रमांक. शकीलभाईंनी तिन्ही कागद चष्मा लावून वाचले, एक-एक शब्द, लेबल वाचावं तसे. मग कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि पहिल्यांदा हसले. "आता चहा पाजा सर. अकोल्यात तुमी पेला नाई, तो बी उधार हाय." मी स्वतः जाऊन चहा आणला. जाताना त्यांनी पहिली बाटलीही ऋतुजाला देऊन टाकली. म्हणाले, "बेटा, एक गरम ठेव, एक थंडी. दोन्ही दाखव लोकाईले."

स्पर्धेत ऋतुजानं अगदी तसंच केलं. एक बाटली कोमट पाण्यात, एक सावलीत. सरकीचं डिझेल पंपावरच्या डिझेलच्या मागे अगदी थोडंच पडलं. परीक्षकांनी विचारलं, "हे सीटेन थंडीत गोठतं, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

ऋतुजा गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "हो सर. आमच्या सरांनी त्याच्यावर वेगळं काम केलं हाय. अकोल्यापर्यंत."

तिला दुसरा क्रमांक मिळाला. मी पेढे वाटले. कोणाला वाटलं बक्षिसाचे, कोणाला वाटलं प्रायश्चित्ताचे. दोन्ही खरं होतं.

पण मॅडमनी एक परिपत्रक काढलं, ते मात्र अजून लागलेलं आहे. प्रत्येक विभागात. 'कोणत्याही रसायनाबाबत तक्रार करण्यापूर्वी संबंधित शिक्षकांनी बाटलीवरील लेबल शेवटपर्यंत वाचावे.' नाव नाही घातलं, हा त्यांचा मोठेपणा. आमच्या प्रयोगशाळेत गजाननभाऊंनी ते बरोबर दाराच्या समोर, माझ्या खुर्चीच्या वर लावलंय. चार खिळे ठोकून. बाकीच्या कागदांना ते दोनच ठोकतात.

परवा पहिल्या वर्षाची एक नवी मुलगी ते वाचत उभी होती. परीक्षानळी हातात, मान वर.

"सर," तिनं विचारलं, "लेबल न वाचता तक्रार करनारे सर कोन होते?"

"होते एक," मी म्हणालो. "जुनी गोष्ट आहे. बदली झाली त्यांची."

"अस्सं का?" तिनं नळी स्टँडला लावली, ॲप्रन सारखा केला आणि खाली मान घालून म्हणाली, "पन गजाननभाऊ तं म्हनत होते, ते दर शुक्रवारी आमचं प्रॅक्टिकल घेतात."